आठव्या रस्त्यावरचे वकिलाचे घर : स्प्रिंगफील्ड येथील लिंकन निवासाबद्दल

मुलगा शिकागोच्या उपनगरात स्थायिक झाल्यापासून आम्ही उभयता दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात त्याच्याकडे जातो, आणि दर वेळी आम्हाला काय काय दाखवायचे याची यादी त्याने आधीच करून ठेवलेली असते. धबधबा झाला, उंच इमारती झाल्या, सरोवरातील बोटीची फेरीही झाली. या खेपेला मात्र मी हट्ट धरून इलिनॉय राज्याची राजधानी असलेले स्प्रिंगफील्ड मागून घेतले. सातारच्या न्यायालयात छत्तीस वर्षे फौजदारी वकिली केलेल्या माणसाला अब्राहम लिंकन यांचे राष्ट्राध्यक्षपद क्षणभर बाजूला ठेवून त्यांची वकिली आणि त्यांचा संसार पाहायचा होता. शिकागोहून मोटारीने साडेतीन तासांचा हा रस्ता दुतर्फा मका आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमधून जातो, तेव्हा वाटेत काही पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आधी निकाल सांगतो, कारणमीमांसा नंतर. तुमच्याजवळ एकच दिवस असेल तर आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या कोपऱ्यावरचे लिंकन यांचे राहते घर सकाळी पहिल्यांदा पाहा, त्यानंतर सहाव्या रस्त्यावरची त्यांची वकिलीची कचेरी पाहा, आणि वेळ उरलाच तर मोठ्या संग्रहालयात जा. बहुतेक प्रवासी हा क्रम उलटा करतात आणि घराकडे पोहोचेपर्यंत दमून जातात.

घर पाहायला पैसे पडत नाहीत, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. थोरला मुलगा रॉबर्ट याने १८८७ साली हे घर इलिनॉय राज्याला दिले, तेव्हा ते नीट राखावे आणि कोणाकडूनही प्रवेशाचे शुल्क घेऊ नये, अशी अट घातली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आले, तरी ती अट आजही पाळली जाते. अभ्यागत केंद्रातून ठरावीक वेळेचे मोफत तिकीट घ्यायचे आणि आपली वेळ झाली की रुंद काठाची टोपी घातलेल्या मार्गदर्शकाबरोबर छोट्या गटाने आत जायचे, अशी व्यवस्था आहे. वाहनतळाचे मात्र पैसे द्यावे लागतात. घराभोवतीचे चार चौक मोटारींना बंद असून शेजाऱ्यांची घरेही जुन्या रूपात राखली आहेत. रस्त्याच्या कडेला फळ्यांचे पदपथ आहेत आणि त्यांवरून चालताना बुटांचा जो पोकळ आवाज होतो, तो मला कुठल्याही माहितीफलकापेक्षा अधिक काही सांगून गेला.

दारावर ‘ए. लिंकन’ एवढीच पाटी आहे. वकिलाच्या दारावर याहून जास्त काही लागत नाही, असे मी सौभाग्यवतींना म्हणालो, तेव्हा आमच्या दारावरच्या पाटीवर पदव्यांच्या किती ओळी आहेत याची आठवण तिने ताबडतोब करून दिली.

लिंकन यांनी हे घर १८४४ साली विकत घेतले. विकणारे धर्मगुरू चार्ल्स ड्रेसर यांनीच दोन वर्षांपूर्वी अब्राहम आणि मेरी टॉड यांचे लग्न लावले होते. सौदा झाला तो १,२०० डॉलर रोख आणि ३०० डॉलर किमतीची गावातली एक जागा, असा. तेव्हा घर दीड मजली होते. मुले वाढली, मिळकतही वाढली, आणि १८५६मध्ये सुमारे १,३०० डॉलर खर्चून वरचा मजला पुरता चढवण्यात आला. खटल्यांसाठी बाहेरगावी गेलेले लिंकन परतले तेव्हा घर ओळखूच न आल्याने त्यांनी शेजाऱ्याला ‘लिंकन कुठे राहतात हो?’ असे विचारले, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा की खोटा हे सोडून देऊ. पण तालुक्या-तालुक्याला तारखा चालवणाऱ्या वकिलाच्या घरी घरमालकीण काय काय परस्पर उरकून टाकते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्यात अशक्य काही वाटणार नाही.

तळमजल्यावरची सजवलेली बैठक ही पाहुण्यांसाठीची जागा. १८६०च्या मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाचे शिष्टमंडळ उमेदवारीची वर्दी द्यायला आले ते याच खोलीत. मार्गदर्शक तिथे बराच वेळ थांबतात आणि ते साहजिकही आहे. मी मात्र पलीकडच्या साध्या बैठकीच्या खोलीत रेंगाळलो. घोड्याच्या केसांच्या कापडाने मढवलेल्या ताठ खुर्च्या, मुलांची खेळणी, आणि मोकळी जमीन. सहा फूट चार इंच उंचीच्या या माणसाला खुर्चीत बसणे गैरसोयीचे होत असे, म्हणून तो जमिनीवर आडवा पडून वाचत असे आणि मुले त्याच्या अंगावर चढत असत. मुलांना रागे भरणे त्यांच्या स्वभावातच नव्हते, आणि याबद्दल शेजारीपाजारी नाके मुरडत. हातगाडीत मुलांना बसवून, गाडी ओढता ओढता पुस्तक वाचणारे लिंकन या रस्त्याने जात, आणि एखादे मूल मागे पडले तरी वाचनात गुंगलेल्या बापाच्या ते लक्षात येत नसे, अशी आठवण शेजाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे.

वर जाण्याचा जिना अरुंद आणि चढाचा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पण याच जिन्यावर या घरातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. लाकडी कठडा मूळचा, लिंकन यांच्या काळातला आहे, आणि घरातल्या इतर कशालाही हात लावायची परवानगी नसली तरी या कठड्याला हात लावता येतो. दीड शतकाहून अधिक काळच्या तळव्यांनी ते लाकूड इतके गुळगुळीत केले आहे की त्यावर लाकडाचा स्पर्शच उरलेला नाही. काचेआडच्या शंभर वस्तूंपेक्षा हा एक कठडा मला जवळचा वाटला. पुढची माणसे वर गेली तरी मी तिथेच उभा आहे हे पाहून सौ. वरून म्हणाली, ‘‘अहो, मागे रांग आहे.’’

वरती पतिपत्नींच्या शेजारशेजारच्या, मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या आहेत. लिंकन यांच्या खोलीत एक लहानसे लिहिण्याचे मेज आहे. भिंतीवरचा कागद मूळ नक्षीवरून पुन्हा छापलेला असून तो इतका भडक आहे की त्या खोलीत माणसाला झोप कशी लागत असेल, हा प्रश्न आमच्या गटातल्या प्रत्येकाने कुजबुजत विचारला. मागच्या बाजूला मोलकरणीची खोली आणि खाली स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघरातली ओतीव लोखंडाची चूल मेरीबाईंची आहे. १८६० साली घेतलेली. सौ. या चुलीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबली आणि बाहेर आल्यावर अंगणातल्या संडासाकडे पाहत म्हणाली, ‘‘हे घर सगळे बाईंनीच सांभाळलेले दिसते. हे कधी घरी असायचे?’’

हा प्रश्न तिने कोणाला उद्देशून विचारला हे मला कळले. पण लिंकन यांच्यापुरते त्याचे उत्तर देता येते. इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडळात एका काळी चौदा जिल्हे होते. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस वसंतात आणि शरदात या जिल्ह्यांतून फिरत, गावोगावी आठवडाभर न्यायालय भरवीत, आणि वकिलांचा जथा त्यांच्यामागून घोड्यावर किंवा बग्गीतून जात असे. एका खाणावळीत न्यायाधीश, दोन्ही पक्षांचे वकील आणि कधीकधी पक्षकारही एकत्र जेवत आणि एकेका पलंगावर दोघे-दोघे झोपत. इतर बरेच वकील संधी मिळताच घरी पळत. लिंकन संपूर्ण फेरी पुरी करीत. वर्षाचे कित्येक महिने ते असे बाहेर असत. रॉबर्टने मोठेपणी लिहिले आहे की त्याच्या बालपणी वडील जवळजवळ कायमच न्यायालयांसाठी किंवा राजकीय भाषणांसाठी घराबाहेर असायचे. यावरून काहींनी त्यांना घर नकोसे होते असा निष्कर्ष काढला, आणि स्वतः डेव्हिसही त्याच मताचे होते. मला तो निष्कर्ष पुराव्यापेक्षा फार पुढे गेलेला वाटतो. पाच-दहा-वीस डॉलरच्या फीवर संसार चालवणाऱ्या वकिलाला गावोगावचे खटले घेतल्यावाचून गत्यंतर नसते. मी स्वतः वडूज, दहिवडी, फलटणच्या तारखा एस.टी.ने केल्या आहेत. मुलगा चौथीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात तो शिवाजीमहाराजांचा मावळा झाला होता, आणि त्या दिवशी मी वडूजला एका मारामारीच्या खटल्यात साक्षीदाराची उलटतपासणी घेत उभा होतो.

आणि घरी असताना ते घरचेच असत. सरपण फोडणे, गाय धुणे-दोहणे, घोड्याला दाणा घालणे ही कामे लिंकन यांनी चांगली प्राप्ती होऊ लागल्यावरही स्वतः केली. दुसरा मुलगा एडी चार वर्षांचाही झाला नव्हता, तो १ फेब्रुवारी १८५० रोजी याच घरात दीर्घ आजाराने गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस विली जन्मला आणि १८५३मध्ये टॅड. मार्गदर्शक बाईंनी एडीचे सांगताना आवाज मुळीच हलवला नाही, आणि म्हणूनच ते पोहोचले. अशा ठिकाणी गळा काढणाऱ्या निवेदनाची मला धास्ती असते.

घराकडून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की जुन्या राज्यभवनासमोर, सहावा रस्ता आणि ॲडम्स रस्ता यांच्या कोपऱ्यावर, विटांची तीन मजली इमारत लागते. १८४०च्या दशकातली ही इमारत म्हणजे लिंकन यांनी जिथे प्रत्यक्ष वकिली केली अशा कचेऱ्यांपैकी आज उभी असलेली एकमेव. ती राज्य सरकारच्या ताब्यात आहे, म्हणून तिच्या वेळा घराच्या वेळांपेक्षा वेगळ्या असतात; आधी चौकशी करून जावे. खाली टपाल कचेरी, मधल्या मजल्यावर केंद्रीय न्यायालय आणि वर वकिलांच्या खोल्या, समोर राज्यभवनात राज्याचे सर्वोच्च न्यायालय. जागा निवडावी तर अशी! आमच्याकडे न्यायालयाच्या आवाराबाहेरचा पत्र्याचा गाळा मिळवायला लोक आयुष्य घालवतात.

इथे लिंकन प्रथम स्टीफन लोगन यांच्याबरोबर आणि १८४४पासून विल्यम हर्न्डन यांच्याबरोबर भागीदारीत होते. फी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची, हा दोघांमधला करार कधी बदलला नाही, जरी एक भागीदार दुसऱ्यापेक्षा कितीतरी नामांकित झाला तरीही. कागदपत्रांची मात्र दैना होती. महत्त्वाची पत्रे लिंकन आपल्या उंच टोपीत ठेवीत, आणि कचेरीत एक गठ्ठा होता ज्यावर त्यांनी स्वतः लिहिले होते, की इतर कुठेही सापडले नाही तर यात पाहा. हे वाचून मी मोठ्याने हसलो. असा गठ्ठा नसलेला वकील मी पाहिलेला नाही. रविवारी मेरी चर्चला गेल्या की लिंकन धाकट्या दोघांना कचेरीत आणीत, आणि ती मुले पुस्तके खाली ओढीत, खण उपसून काढीत, शेगडीतली राख उधळीत, दौती लवंडीत. बाप वाचत बसे. हर्न्डन यांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्या पोरांच्या माना पिरगाळाव्यात असे त्यांना वाटे, पण भागीदाराचा मान राखून ते गप्प बसत. तारखा पाहता हा धुडगूस या इमारतीतला नव्हे, त्यानंतरच्या कचेरीतला असला पाहिजे, कारण लिंकन इथून १८५२च्या सुमारास बाहेर पडले आणि तेव्हा टॅड जन्मलाही नव्हता.

सुमारे पंचवीस वर्षांच्या वकिलीत लिंकन यांनी पाच हजारांहून अधिक प्रकरणे हाताळली. त्यांतली बहुतेक कर्जवसुलीची, हद्दीची, वाटपाची, म्हणजे आपल्या दिवाणी न्यायालयांत रोज दिसणारी. रेल्वे कंपनीसाठी कराचा एक मोठा खटला जिंकून त्यांनी ५,००० डॉलर फी मागितली आणि ती मिळेना म्हणून कंपनीवरच दावा लावून १८५७मध्ये वसूल केली, हा भाग वकिलांना विशेष आवडेल. त्याच हातांनी १८४७मध्ये रॉबर्ट मॅटसन या गुलामांच्या मालकाचे वकीलपत्र घेतले होते आणि तो खटला ते हरले, हेही विसरू नये. वकिलाचे स्मरण करायचे तर जिंकलेलेच खटले सांगून भागत नाही.

फौजदारी खटल्यांपैकी सर्वांना ठाऊक असलेला म्हणजे १८५८चा डफ आर्मस्ट्राँगचा. २९ ऑगस्ट १८५७च्या रात्री झालेल्या मारामारीनंतर मेट्झकर नावाचा माणूस मेला आणि डफवर खुनाचा आरोप आला. डफची आई हॅना हिने लिंकन यांना त्यांच्या हलाखीच्या दिवसांत जेवू घातले होते, त्यांचे कपडे शिवून दिले होते. नवरा नुकताच वारलेला. लिंकन यांनी एक पैसा न घेता वकीलपत्र घेतले. मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन याने सरतपासात सांगितले की रात्री अकराच्या सुमारास लख्ख चांदण्यात, सुमारे दीडशे फुटांवरून, आपण वार होताना पाहिला. लिंकन यांनी उलटतपासणीत त्याला खोटा ठरवण्याची घाई केली नाही. उलट चंद्र डोक्यावर होता, उजेड चांगला होता, हेच त्याच्याकडून शांतपणे पुन्हा पुन्हा वदवून घेतले. साक्षीदाराला परत फिरायला वाटच उरली नाही, तेव्हा त्यांनी त्या वर्षाचे पंचांग काढून ज्युरीपुढे ठेवले. चंद्र त्या वेळी मावळतीला टेकला होता. साक्षीदाराला आधी पुरता बांधून घ्यावा आणि मग दोर ओढावा, हे माझ्या सीनियरांनी मला पहिल्या वर्षी शिकवले होते. त्यांना हे कोणी शिकवले हे मी कधी विचारले नाही.

मात्र पंचांगाची ही गोष्ट इतकी गाजली, की उरलेला बचाव झाकून गेला. मृत माणूस मारामारीनंतर घोड्यावर बसून गेला होता आणि वाटेत पडला होता, तेव्हा डोक्याची जखम पडण्यानेही होऊ शकते, असे डॉक्टरची साक्ष सांगत होती. ज्या शिशाच्या गोळ्याच्या हत्याराने वार झाला असे सरकार पक्ष म्हणत होता, ते आपले होते आणि आपणच फेकून दिले होते, असे दुसऱ्याच एका साक्षीदाराने शपथेवर सांगितले. संशयाचा फायदा असा तीन बाजूंनी उभा केलेला होता. डफ निर्दोष सुटला. खटला चालला ती बियर्ड्सटाउनची न्यायालयाची खोली आजही जपलेली आहे, पण ते गाव स्प्रिंगफील्डपासून तासाभराच्या अंतरावर असल्याने आमचे जाणे झाले नाही, आणि ही रुखरुख मला अजून आहे.

२००५ साली उघडलेले राष्ट्राध्यक्षीय संग्रहालय भव्य आहे, त्याचे तिकीट आहे, आणि मुलाबाळांना ते घरापेक्षा जास्त आवडेल. कचेरीत धुडगूस घालणारी मुले आणि कोचावर पसरून वाचणारे लिंकन असा एक देखावा तिथे पुतळ्यांनी उभा केला आहे. मला तो पुतळ्यांचा प्रकार फारसा रुचत नाही, तरी त्या देखाव्यापुढे मी थांबलो. जेवणाबद्दल एवढेच, की गावचा प्रसिद्ध पदार्थ ‘हॉर्सशू’ म्हणजे पाव, मांस, तळलेला बटाटा आणि वरून चीजची आमटी. शाकाहारी माणसाने घरून काही न्यावे. आम्ही मेथीचे धपाटे नेले होते आणि ते जुन्या राज्यभवनाच्या हिरवळीवर बसून खाल्ले.

११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन वॉशिंग्टनला निघाले. आदल्या दिवशी त्यांनी हर्न्डन यांना सांगितले होते की दारावरची ‘लिंकन आणि हर्न्डन’ ही पाटी काढू नका, जिवंत राहिलो तर परत येईन आणि काही झालेच नाही अशा रीतीने आपण वकिली पुढे सुरू करू. घर भाड्याने दिले होते, सामान विकले होते, फिडो नावाचा कुत्रा ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवला होता. विली पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये गेला. आता स्प्रिंगफील्डच्या ओक रिज दफनभूमीत अब्राहम, मेरी, एडी, विली आणि टॅड एकत्र आहेत. घराला तिकीट लावू नका म्हणणारा रॉबर्ट तेवढा तिथे नाही. तो आर्लिंग्टनला आहे.

परतताना अंधार पडत आला होता आणि मागे सौभाग्यवतींचा डोळा लागला होता. ब्लूमिंग्टन मागे पडल्यावर मुलाने रस्त्यावरची नजर न काढता विचारले, ‘‘बाबा, त्या वडूजच्या केसमध्ये तुमचा माणूस सुटला होता का?’’ मी म्हणालो, सुटला होता.